ओरुरोची रातगाडी

सातुर्निना महिन्यातून दोनदा सीमा ओलांडते,
गाठोडं बांधताना कुणाशी बोलत नाही.

जड ते तळाशी. लोकरीची शाल वर,
मध्यरात्री पठारावर दात वाजू लागले
की अंधारात हाताला लागावी.
पैसे तीन जागी. परकराच्या शिवणीत, बुटात,
आणि चार नोटा पाकिटात, चोरासाठी;
रिकाम्या हाताने परतला तर चिडतो तो.

बसायचं ड्रायव्हरच्या मागे.
त्याला कोकाची पानं द्यायची, बोलतं ठेवायचं,
त्याचा डोळा लागला की सगळ्यांचाच लागतो.

परवा येसेनिया निघाली, पहिल्यांदाच एकटी.
आईने यातलं काही सांगितलं नाही,
गाठोड्याची गाठ ओढून पाहिली,
पुन्हा ओढून पाहिली.

बस हलली. पोरीने हात केला नाही.
ती ड्रायव्हरशी बोलत होती.