पाचवी पट्टी

वडगावात अकराला माग थांबतात,
तेव्हा मी पेटी उघडतो.
आत मखमल नाही. लुगड्याचं जुनं फडकं,
आणि त्यात साडेचार किलोचा फेंडर.
इनास मास्तरकडून हप्त्यानं घेतलेला, चौऱ्याऐंशी साली.
शेवटचा हप्ता त्याच्या माघारी
कॅम्पात नेऊन दिला, बायकोच्या हातात.
तिनं पैसे मोजले नाहीत. विचारलं एवढंच,
"अजून घुमतंय काय रे ते?"

खरा की कलकत्त्याचा, देव जाणे.
डोक्यावरचं नाव झिजून
नुसता एक एफ उरलाय, तोही मी म्हणतो म्हणून.
या गावात पाट्या रातोरात बदलतात,
काळं फासतात, परत रंगवतात;
त्या एफाला मी कधी ब्रश लावला नाही.

बहिणीचा निखिलेश, उद्यमबागेत इंजिनिअरिंगला,
परवा नवा बेस घेऊन आला.
पाच तारा, पाठीत सेल, वर काहीच नाही.
"ह्याचं मुंडकं कुठं गा?"
"नसतंच मामा. वजन कमी. सूर उतरत नाही."
"आणि नाव?"
"नाव कशाला पायजे?"

हसलो मी.
हसून झाल्यावर गळ्यात घातला,
तर खांदा दुखला नाही.

माझ्या फेंडरचा एक सूर मेलेला आहे.
जी तारेवर, पाचव्या पट्टीला. धरला
की ओल्या पोत्यावर बुक्की.
मास्तरनं विकतानाच सांगितलेलं,
"तिथं जायचं नाही. तोच सी
डी तारेवर दहाव्या पट्टीला आहे, तिथनं घे."
तिथनं घेतला. चाळीस वर्षं.
गोकाकच्या जत्रेत, चिकोडीच्या लग्नांत,
निपाणीत तंबाखूच्या वखारीमागं, शिंका आवरत,
कन्नड गाण्यात, मराठी गाण्यात, वन्स मोअरला,
बोट वळसा घालून गेलं,
भांडण झालेल्या घरावरनं
आपण जात नाही तसं.

पोराच्या बेसवर मुद्दाम ठेवलं बोट,
पाचवीवर.
वाजला की!
स्वच्छ, लांब, कुठं न अडखळता.
इतका सरळ सूर, की मलाच लाजल्यासारखं झालं.
निखिलेश म्हणाला, "बघितलास?"
बघितलं.

मग एक जुनं गाणं धरलं. सी जवळ आला
आणि मी खाली पाहिलं, तर
बोट आधीच दहाव्या पट्टीवर जाऊन बसलेलं.