पाच प्रती, काळं रेग्झिन

दारव्ह्यात, बसस्टँडच्या मागं, टायरवाल्याला लागून
माझं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, प्रबंध बांधून मिळतील.
या आठवड्यात तीन आले. तिघांनाही घाई.

पहिला करुणा धुर्वेचा, दीर्घिकांवर.
मी म्हटलं, दीर्घिका म्हणजे काय वं?
म्हणाली, ताऱ्यांचं गाव, काका. पण लय विरळ वस्तीचं.
चित्रं छापायला घेतली तर पांढऱ्या आभाळात काळे ठिपके.
वाटलं टोनर गळून राहिला.
ड्रम काढला, पुसला, परत छापलं. ठिपके तिथंच.
"पुसू नका जी," ती हसली, "तेच तर माझं काम.
अंधुक उजेड काळ्यावर डोळ्याला सापडत नाही,
म्हणून आम्ही आभाळ उलटं छापतो."
तिच्या बिलातले दोनशे मी सोडले.
काहून, ते मलाही कळलं नाही.

दुसरा नावेदचा. फवारणीचे ड्रोन आणि माणसांची सुरक्षा.
त्यात लाडखेड रस्त्याची तूर,
विजेच्या तारांची उंची मीटरमध्ये,
पात्यात बोट गेलेला एक पोरगा, नावाच्या जागी आकडा.
एक अख्खं प्रकरण एवढ्याच गोष्टीवर
की संपर्क तुटला तर यंत्रानं करावं काय.
घिरट्या घालाव्या, आहे तिथं उतरावं,
का जिथून उडालं तिथं परत यावं.
नावेद म्हणे, परत येणंच जास्त धोक्याचं.
मधल्या वेळात त्या जागेवर
कोणी ना कोणी येऊन उभं राहिलेलं असते.

तिसरा इंद्रपाल मेश्रामचा, कायद्याचा. साडेचारशे पानं.
लबाडीचा पैसा कसा धुतात,
आणि तो अजून ओला आहे हे कोर्टात
सिद्ध का होत नाही.
गावाचं नाव त्यानं दिलं नाही. लिहिलं, "गाव क".
पण गाव क मध्ये बसस्टँड आहे, मागं टायरवाला आहे,
आणि एक बचत मंडळ होतं, दीड वर्षात दुप्पट देणारं,
जे एका रविवारी कुलूप लावून गेलं.
मुलाखत अकरा: अंगणवाडी मदतनीस, अडतीस हजार.
मुलाखत सतरा: पोरीच्या नर्सिंगची फी.
अकराला मी ओळखतो.
सतरा आधारची झेरॉक्स माझ्याकडूनच नेते,
दोन रुपये सुटे मोजून ठेवते.

पान दोनशे तेहतीस, तळटीप चार:
"पावतीपुस्तके स्थानिक छापखान्यात छापली असावीत.
मुद्रकाचा शोध लागला नाही."

दाभण कागदातच राहिलं.

दोनशे पुस्तकं. एकेकात शंभर पावत्या, खालची प्रत गुलाबी.
तेव्हा माझी ट्रेडल होती, पुढं भंगारात गेली.
त्यांना नुसता मजकूर पाहिजे होता.
वर लक्ष्मीचा ब्लॉक मी लावला, माझ्या मनानं, फुकट.
म्हटलं, पावती जरा बरी दिसते.
लोकांचा विश्वास बसते.

थप्पी कटरखाली घेतली.
तळाची पट्टी सगळ्याच बांधणीत कापावी लागते, कडा सारखी यायला.
अर्धा इंच जास्त घेतला असता
तर पाचही प्रतींत तळटीप चार नसती,
आणि कोणी म्हटलं असतं, काकांचा हात आता हलते.
लाईट गेली. मी तसाच उभा, हँडल धरून.
लाईट आली.
नेमाप्रमाणं कापलं. तीन मिलिमीटर.

मग माळ्यावरचा नमुन्याचा गठ्ठा काढला.
धंद्याची सवय, छापलं त्याचं एक पुस्तक आपल्याजवळ ठेवायचं.
किडीनं कडा खाल्लेल्या, लक्ष्मी शाबूत.

दिवेलागणीला इंद्रपाल आला, गाडी चालूच ठेवून.
काळं रेग्झिन, सोनेरी अक्षरं. प्रती मोजल्या, बोट फिरवलं.
एक हातात उचलून पाहिली.
"काका, ही पाचवी जाड कशी काय?"

मी शटर अर्धं खाली ओढलं.
म्हटलं, गाडी बंद कर.
बस. चहा सांगतो.