आलं, गेलं

कासमभाईंचा रेकॉर्डर अजून माझ्याकडेच आहे,
फहाहीलच्या या तिसऱ्या मजल्यावर, फ्रिजच्या डोक्यावर.
त्याच्यावर क्रोशाचा रुमाल. तोही त्यांचाच.
कायमचे खेडला निघाले तेव्हा म्हणाले,
हे धूड कोण नेणार,
कस्टमवाला विचारील आत काय आहे,
मी त्याला काय काय सांगू?

परवा फोन आला. सफियाचं लग्न ठरलंय.
तिचं ते टीव्हीवरचं तेवढं काढून पाठव ना रे.
तेवढं काढून.
जसा काही मी आंब्याखाली घळ घेऊनच उभा होतो.

आधी शहाणपणा केला.
चार स्क्रू सोडवले, आतली हार्ड डिस्क उपसली,
कॉम्प्युटरला लावली.
कॉम्प्युटर म्हणाला,
ही डिस्क ओळखीची नाही. फॉरमॅट करू?
निळी चौकट आधीच ‘हो’वर जाऊन बसली होती.
तव्यावरून काढावा तसा मी हात काढला.
सगळं परत जिथल्या तिथे.
एक स्क्रू उरला, तो खिशात.

मग हवल्लीतून साडेचार दिनारची एक डबी आणली,
तीन वायरी: पिवळी, पांढरी, लाल.
लाल मेलेली, म्हणून आवाज एकाच कानातून.
इथे घाई नावाचं बटण नाही.
तासाचं उतरवायला तासच लागतो,
शेजारी बसावं लागतं,
आजाऱ्याजवळ बसतात तसं, अधूनमधून बघत.

यादीत नावं नाहीत. तारीख, चॅनेल, वेळ.
भारतात आठ म्हणजे आपले साडेपाच,
हे कासमभाईंना उशिरा समजलं.
पहिले दोन महिने ते अडीच तास वजा करायचे सोडून मिळवत होते,
त्यामुळे तिथली रात्रीची एकची दुकानदारी सगळी जमा:
टकलावर उगवणारे केस, पोट आत नेणारे पट्टे,
एका बाईच्या हातातली न संपणारी सुरी.
पुसलं नाही त्यांनी. म्हणायचे, राहू दे,
मराठी बोलतायत ना.

बारा मार्च, साडेपाच. सापडलं.
पावडरच्या डब्याचा दीपस्तंभ, वर टॉर्चचा बल्ब,
दोन वेण्या.
“मी सफिया कासम चोगले, इयत्ता सातवी,
समुद्रात जेव्हा”
आणि तोंडाचे चौकोन.

त्या दिवशी धूळ होती.
समोरची इमारत गेलेली, दातांत रेती,
डिशला सिग्नल सापडेना.
कासमभाई गच्चीवर, तोंडाला गुत्रा बांधून,
दोन्ही हातांनी डिश धरून,
मी खिडकीतून मान वर करून ओरडतोय:
आलं! गेलं! आलं!
थोडं डावीकडे! गेलं!
अहो तसंच धरा, हलू नका, आलं!

आता स्क्रीनवर तेच, माझ्या ओरडण्याशिवाय.
दीपस्तंभ फुटतो, जुळतो.
इथे वारा फिरला.
इथे त्यांचा खांदा भरून आला असणार.
इथे सलग एकोणीस सेकंद पोर नीट बोलते,
श्वाससुद्धा घेतला नसेल त्यांनी.
मुलीच्या अख्ख्या कार्यक्रमात बाप कुठे दिसत नाही,
आणि दुसरं काही दिसतही नाही.

सॉफ्टवेअर विचारतं, खराब फ्रेम गाळू?
गाळल्या तर नऊ मिनिटांची चार होतील,
गुळगुळीत, लग्नात दाखवण्याजोगी.
नको म्हटलं.

रात्री त्यांचा फोन.
मध्ये मध्ये अडकतंय रे, तुझी वायर बघ जरा.
वायर नाही, म्हटलं, धूळ होती त्या दिवशी. गच्चीवर होतात तुम्ही.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.
किती वेळ धरली होती रे मी?
नऊ मिनिटं.
नऊच?
मला वाटलेलं, तासभर तरी.