शेरा

संगणकाला पुस्तकाचं नाव हवं असतं,
लेखक, प्रकाशक, किंमत, दाखल क्रमांक.
हितेश विचारतो,
"सर, ते घुबडनं पुस्तक शे का?"

मी गणिताचा मास्तर.
ग्रंथालय माझ्याकडे 'अतिरिक्त' म्हणून आलं,
जुडग्यात एक चावी वाढावी तसं.
जूनमध्ये धुळ्याहून खोकं उतरलं:
बारकोड वाचणारं पिस्तूल, आठ टॅब,
आणि एका दिवसाचं प्रशिक्षण,
त्यातला दीड तास जेवणाचा.

शोधाच्या चौकोनात 'घुबड' लिहिलं.
शून्य नोंदी.
एसटी निघून गेल्यावर माणूस रस्त्याकडे बघतो
तसं हितेशने माझ्याकडे बघितलं.
मग स्वतःच आत शिरला, तिसऱ्या कपाटाखालून
काढून आणलं.
मुखपृष्ठावर घुबड,
नावात घुबडाचा पत्ता नाही.

त्या रात्री यादीच्या अगदी टोकाला
एक रकाना सापडला, 'शेरा',
कुणीच कधी न भरलेला.
तिथे मी मुलांना बसवलं.
घुबडनं.
फाटेल पाठनं.
बकरी शेवटी वाचते ते.
पान बारावर चहा सांडेल.

सायकी सातपुड्यातून वसतिगृहात आलेली.
घरी पावरी, मैदानात अहिराणी, वर्गात मराठी.
टॅबमधली बाई इतकं शुद्ध, इतकं सावकाश वाचायची
की पोरं तिला 'पाहुणी' म्हणू लागली.
पाहुणीला कोण प्रश्न विचारतं?
तिला गप्प केलं आणि नववीतल्या भाईदासला म्हटलं,
तू सांग, तुमच्या बोलीत.
पंखा बंद करून, दार लावून मुद्रण केलं,
तरी मागे कोंबडा आहे, जिनिंगचा भोंगा आहे.
सायकीने ते तीनदा ऐकलं.
गोष्टीसाठी की कोंबड्यासाठी, मी विचारलं नाही.

मयुरीला अक्षर वितीएवढं लागतं.
सेटिंगमधलं सर्वात मोठं, करंगळीएवढं.
मग जुना प्रोजेक्टर पुसला,
एक ओळ, भिंतभर.
ती भिंतीला हात लावून, चालत चालत वाचते.
खिडकीपाशी थांबली.
"सर, खिडकीम्हा एक शब्द पडी गया."
आता खिडकीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे,
कोरी बाजू आत.

एप्रिलात पारा पंचेचाळीसवर.
टॅब आपणहून मिटतात, मिटताना कारण सांगतात.
वामनआप्पा त्यांना माठाच्या तिवईखाली ठेवतात,
ओल्या गोणपाटाशेजारी.
म्हटलं, आप्पा, हे वॉरंटीत बसत नाही.
"बसी जाई," म्हणाले, "जरासं सरकाडं."

तपासणीला साहेब आले.
यादी खाली सरकवत गेले, थांबले, चष्मा काढला.
'शेरा प्रमाण भाषेत भरावा',
लाल शाईत, दोन रेघा ओढून.
मी होय म्हणालो.
चहा झाला. जीप गेली.
'फाटलेल्या पाठीचे' असं टाइप केलं,
वाचून पाहिलं,
खोडलं.

दुसऱ्या दिवशी पाचवीतली एक पोर,
दाराच्या चौकटीला अर्धी चिकटून:
"सर, माले रडू उनं ते द्या."

पुस्तकाचं नाव? मी विचारलं नाही.
शोधाच्या चौकोनात लिहिलं: रडू.
दोन नोंदी.

पहिली मी भरली होती.
दुसरी कुणी भरली, मला माहीत नाही.