असला पाहिजे

गुरुवारी संध्याकाळी सात ते नऊ.
ग्रिम्सबीत, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाच्या वर.
हीटर एकच, तोही ग्लेनिसबाईंच्या पायाशी.
आम्ही नऊ जण. हातांना कॉड माशाचा वास,
साबणाने जात नाही, लिंबाने थोडा जातो.

बाई फळ्यावर डावीकडे सर्वनामं मांडतात,
पंगतीला बसवल्यासारखी:
आय, यू, ही, शी, वुई, दे.
उजवीकडे कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड, विल, वुड.
कुणाचाही हात कुणाच्याही हातात द्या, म्हणतात,
पत्रिका बघायची नाही.

डाइव्हा लिथुएनियाची. तिला पटत नाही.
‘ही गोज’ला शेपूट लागतं,
मग ‘ही कॅन’ला का नाही?
बाई हसतात. ही मंडळी जुनी, हट्टी.
समोर राजा येवो की राजाचा कुत्रा,
टोपी काढत नाहीत.

मी मनात माझी भाषा उघडून बघतो.
तिथे ‘पाहिजे’ आलं की ‘मी’ला उभं राहवत नाही,
‘मला’ होतो,
डोक्यावर पोतं दिल्यासारखा वाकतो.
पोहणंसुद्धा मला ‘येतं’,
कुठूनतरी, पाहुण्यासारखं.
इथे आय ताठ.
आय मस्ट. आय कॅन. आय कान्ट.
बुडतानाही ताठ.

तेस्फालेमला कारखान्यातलं विचारायचं असतं.
सुपरवायझर म्हणाला, यू माइट वॉन्ट टू वेअर द नेट.
माइट म्हणजे कदाचित ना?
म्हणून मी कदाचित नाही घातली जाळी.
अर्ध्या तासाचा पगार कापला.
आम्ही हसतो. बाई लिहितात:
क्रियापद जितकं मऊ, माणूस तितका वरचा.
लिहितात आणि बाहीने पुसून टाकतात.

मग मस्ट.
एक हुकमाचं, दुसरं अंदाजाचं.
यू मस्ट गो होम. ही मस्ट बी होम.
आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं,
डाइव्हा विचारते, कुठलं कुठलं ते?

बाईंच्या हातात मार्कर उघडाच राहतो.
माझी आई, त्या म्हणतात.
जरा थांबतात.
वडील ट्रॉलरवर होते. बोटीचं नाव एथेल मे.
जानेवारीत आइसलँडकडे गेले. मी सहा वर्षांची.
आई म्हणायची, ही विल बी होम बाय फ्रायडे.
शुक्रवार गेल्यावर, ही शुड बी होम बाय नाऊ.
मग एका रात्री रेडिओ बंद करून,
ही मस्ट बी ऑन हिज वे.
ईस्टरच्या सुमाराला कुड आलं:
दुसऱ्या कुठल्या बंदरात असू शकतो.
उन्हाळ्यात माइट,
तेही फक्त शेजारीण आली की.

‘ही’ तोच होता हो.
दाराशी ठेवलेल्या बुटांसारखा, जागचा हलला नाही.
हललं ते पुढचं.

आणि एकदा ताटात वाटाणे वाढताना,
ही वुड हॅव लाइक्ड दीज.
एवढंच. मीठ पुढे सरकवलं.
मला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं.
त्या वुडने सांगितलं.

हीटर टकटक करतो.
तेस्फालेम बोटांनी टेबलावरचा काहीतरी डाग खरवडतो,
जो तिथे नाही.
मला ते मधलं वाक्य सोडवत नाही.
वाटेत असला पाहिजे.
माझ्या भाषेतही अंदाज आणि हट्ट
याच दोन शब्दांत राहतात,
एका खोलीत, एकच किल्ली,
आणि आत कोण आहे
ते बाहेरून आवाज देऊनही कळत नाही.

डाइव्हा वही मिटत नाही.
आईचं ते मस्ट कुठलं होतं, हुकमाचं की अंदाजाचं?

बाई घड्याळ बघतात. नऊला पाच कमी.
वुई शल सी, म्हणतात, पुढच्या गुरुवारी.
मग शल फळ्यावर नव्हतंच हे लक्षात येऊन
घाईघाईने लिहितात ते,
डावीकडे,
सर्वनामांच्या पंगतीत, शेवटच्या पाटावर.
कुणीच चूक दाखवत नाही.