तिसरी काडी

लेफ्टनंट पडला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते
आणि अंधारही पडला होता.
कारेलियात जानेवारीला घाई असते.

हुकूम तावेत्ती रोंक्कोकडे आला.
त्याने मागितला नव्हता.
नदीतून ओंडके वाहून नेणारा माणूस,
उजव्या कानाने बहिरा.
आम्हाला म्हणाला, "पाव सदऱ्याच्या आत ठेवा,
गोठला तर दात जातील."
एवढंच भाषण.

उरलो होतो बावीस. त्यातले चार घसरगाड्यांवर निजलेले.
मागे जळतं जंगल, पुढे तळं,
तळ्याच्या डाव्या काठावर त्यांची मशीनगन,
आणि ती जागी होती.

रोंक्को बर्फावर पालथा झाला,
सुईण पोटाला लावते तसा
डावा कान लावला.
बराच वेळ ऐकलं. मग उठून म्हणाला,
"मधोमध जाऊ नका, तिथे पाणी बोलतंय.
उजवीकडून. दहा-दहा पावलं सोडून.
खोकला आला तर हातमोजा चावा."

मग एक रिकामी घसरगाडी घेतली,
तिच्यावर कंदील बांधला,
ओंडके ओढायचा वीस वावांचा दोर
एका टोकाने गाडीला, एका टोकाने कमरेला,
आणि डावीकडे निघाला. एकटा.
पुढे काळोखात तो,
मागे लांब, डुलत डुलत दिवा,
जणू अख्खी तुकडी दबकत तळं ओलांडते आहे.

मशीनगनने दिव्यावर विश्वास ठेवला.

काचेच्या ताटांवर कुणी खिळे ओतावेत
तसा तो आवाज. आम्ही चालत राहिलो.
अर्ध्यावर पोचलो, आणि दिवा विझला.

मशीनगन गप्प. विचार करत असावी.
अशा शांततेत माणसाला
आपल्याच बुटांची लाज वाटते.

तेवढ्यात तिकडे एक काडी पेटली.
तो मागे गेला होता,
वीस वाव मागे, जिथे आत्ताच गोळ्या पडत होत्या तिथे,
गुडघ्यावर, हातमोजा दातांत धरून.
पहिली विझली.
दुसरी नुसतीच घासली. तिचा आवाज
इतक्या दूर ऐकू येणं शक्य नाही,
पण विचारा आमच्यातल्या कुणालाही. आला.
माझ्या पुढचा आर्मास काहीतरी पुटपुटला,
प्रार्थना असेल, शिवीही असेल.
तिसरी धरली.

क्षणभर चेहरा दिसला त्याचा:
वैतागलेला, ओल्या लाकडांची चूल
पेटवणाऱ्या माणसाचा.
मग पुन्हा खिळे,
आणि दिवा चालू लागला.

पहाटे तो आमच्यात आला,
दोन बोटं मेणासारखी पांढरी,
कमरेला दोराचं तुटकं टोक.
आल्या आल्या त्याने आम्हाला मोजलं.
एकवीस.
चेहरा उतरला. पुन्हा मोजलं. एकवीस.
तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा
आर्मासने त्याच्याच छातीवर बोट ठेवलं.

पदक आलं पुढे, आणि खिळ्यांच्या डब्यात गेलं.
गाव तर सीमेपलीकडेच राहिलं.
वीस वर्षांनी, नव्या गावातल्या सौनात,
वाफेत तोंड दिसत नव्हतं म्हणून विचारलं मी,
काडेपेटीत किती काड्या होत्या?
तापल्या दगडांवर त्याने पाणी ओतलं.
"मोजल्या नव्हत्या.
मोजल्या असत्या तर गेलो नसतो."

त्या रात्रीचा त्याचा अहवाल मी वाचलाय.
पेन्सिलीने, डाव्या हाताने लिहिलेला:
तळं ओलांडलं.
एक दोर, वीस वाव, तुटला. लाकूड कंपनीचा होता.
भरून द्यावा.