भरीचा शब्द

ग्रिम्सबीत आमचं रेडिओ स्टेशन
गालिच्यांच्या दुकानाच्या डोक्यावर.
पल्ला सात मैलांचा, त्यातले चार समुद्रात.
म्हणजे निम्म्याहून जास्त श्रोते मासे,
असं डेरिक म्हणतो
आणि स्वतःच हसतो.

दर रविवारी सकाळी त्याच्या कार्यक्रमात
माझं एक गाणं. नवं. मराठीतच.
दोन मिनिटं पन्नास सेकंद, वर एकही नाही,
कारण पुढे भरती-ओहोटीच्या वेळा सांगायच्या असतात.

लिहिते औषधांच्या दुकानात, पावत्यांच्या पाठीवर,
कुणाचा रक्तदाब आणि कुणाची ॲलर्जी यांच्या मधल्या फटीत.
रेकॉर्ड करते घरी, जिन्याखालच्या कपाटात.
लोकरीचे कोट आवाज पितात,
व्हॅक्यूम क्लीनर मांडीला मांडी लावून बसतो
आणि बॉयलर घुरघुरायच्या आत
अंतरा उरकावा लागतो.

एकदा मधेच सीगल ओरडला.
काढून टाकू? मी विचारलं.
डेरिक म्हणाला, राहू दे,
तो इथलाच आहे. तू कालपरवा आलीस.
(कालपरवा म्हणजे अकरा वर्षं.)

मार्चमधल्या गाण्याला चाल आधी मिळाली,
फिश डॉकवर मागे मागे येणाऱ्या लॉरीच्या टूं-टूंवरून.
शब्द बसवले तर प्रत्येक ओळीच्या शेपटाला
चार मात्रा रिकाम्या.
'सखे' घालून पाहिलं, एक मात्रा कमी.
'साजणी', एक जास्त,
शिवाय कपाटात एकटी असूनही लाज वाटली.
मग 'येते' बसलं.
येते, येते, येते.
बूट चढवता चढवता दारात म्हणतो ना आपण,
तसं. नुसतं.

सोमवारी फोन. कुणी मिसेस ब्लँचर्ड,
वय ब्याऐंशी, डेरिकनं मला न विचारता नंबर दिलेला.
तो तीनदा येणारा शब्द काय आहे?
मी सांगितलं: मी येतेय, असा अर्थ.
पण आम्ही तो निघताना म्हणतो.

पलीकडे बराच वेळ फक्त किटली.
मग म्हणाल्या,
आम्ही तर काहीच म्हणायचो नाही.
ट्रॉलर निघायच्या दिवशी निरोप नाही, हात हलवणं नाही,
आणि घरात कपडे धुवायचे नाहीत.
धुतले तर माणूस धुऊन जातो.

एक शर्ट, म्हणाल्या. एकच.
आणि लगेच विचारलं,
तुमच्या दुकानात खोकल्याचं औषध
टेस्कोपेक्षा स्वस्त आहे का.

आहे, मी म्हटलं. वीस पेन्सनी.
शब्द भरीचा होता
हे काही सांगितलं नाही.
तेव्हापासून गाणं परत ऐकलं
की तिथे माझाच आवाज
मला न विचारता थोडा खाली उतरतो.
रेकॉर्डिंग तर तेच आहे.

आज शुक्रवार. पुढचं गाणं अर्धंमुर्धं.
सकाळी निहार निघाला ॲबर्डीनला,
नोकरी समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायची.
दारात, बॅग अडकवत, म्हणाला, बाय आई.
म्हटलं, नीट बोल.
येतो, म्हणाला, वैतागून,
टॅक्सीवाल्यानं दुसऱ्यांदा हॉर्न दिला म्हणून.

मशीनसमोर कपड्यांची टोपली ओसंडतेय,
वर त्याचे मोजे, एक उलटा.
मी मशीनचं झाकण उघडलं,
पावडर घातली,
मग झाकण लावून टाकलं, रिकाम्यावरच.
असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.
उद्या धुता येतील.

कपाटात शिरले. बॉयलरला अजून अवकाश.
पहिली ओळ म्हटली, परत म्हटली,
हेडफोन उलटेसुलटे करून पाहिले.
एक कोट कमी झालाय.
आवाज जरासा घुमतो.

डेरिकला कळेलच.
विचारेल, काढून टाकू?